सुट्टीच्या दिवशी साहेबांना जळगाव कसं दिसलं?

ताई, नमस्कार.

मी खतं आणि पीकसंरक्षण औषधं विकणाऱ्या कंपनीत फिल्ड ऑफिसर आहे. रावेर, सावदा, फैजपूर आणि वर पालपर्यंतचा भाग माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी कंपनीने हजेरीचं ॲप आणलं. ते माझ्याच फोनमध्ये टाकायला लावलं आणि लोकेशनची परवानगी 'नेहमी' ठेवायला सांगितली. दिवसभराचा रूट त्यात दिसतो, किलोमीटरप्रमाणे पेट्रोलचे पैसे मिळतात. तिथपर्यंत ठीक होतं. पण दोनदा माझी अर्धी हजेरी कापली. एकदा तीन तास 'गायब' म्हणून आणि एकदा 'मध्य प्रदेशात' म्हणून. तेव्हा मी चोरवडजवळ एका शेतकऱ्याच्या केळीत उभा होतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी बायकोला घेऊन जळगावला गेलो. लग्नाला सहा वर्षं झालीत, आमचे उपचार चालू आहेत. घरात फक्त आईला माहीत आहे. सोमवारी मीटिंगमध्ये एरिया मॅनेजर सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "काय भो, काल टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यात? पेढे कधी?" मला कुठे तोंड लपवू असं झालं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आता एचआरने मनगटावर बांधायचे बँड वाटलेत. पावलं, झोप, नाडी सगळं कंपनीच्या ॲपमध्ये जाणार, ग्रुप मेडिक्लेमसाठी म्हणे. सोबतचे म्हणतात, फेक जीपीएस टाक आणि मोकळा हो. टाकू का? नोकरी सोडण्यासारखी परिस्थिती नाही.

— एक फिल्ड ऑफिसर, रावेर तालुका

भाऊ,

फेक जीपीएस टाकू नका. का, ते पुढे सांगतेच. पण तुमच्या पत्रातला तो सोमवार माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

ॲपमुळे कळलं, असं तुम्ही धरून चाललाय. ॲपने फक्त ठिपका टाकला. रविवारी तुमची हजेरी नव्हती, रूट नव्हता, पेट्रोलचं बिलही नव्हतं. तरी कोणीतरी यादीतून तुमचं नाव काढलं, रविवारची तारीख निवडली, नकाशा मोठा करत करत त्या इमारतीवर आणला, दवाखान्याचं नाव वाचलं आणि मीटिंगपर्यंत लक्षात ठेवलं. एवढा उद्योग यंत्र आपणहून करत नाही. तो माणसाने केलाय, आणि वर चारचौघांत त्याचा विनोद केलाय. आपल्याकडे चौकशांना तोटा नाही हे मलाही ठाऊक आहे. कोणाची गाडी कोणाच्या दारात उभी होती, याची खबर पारावर असतेच. पण पारावर बसणाऱ्यांच्या हातात तुमचा पगार नसतो.

"लपवण्यासारखं काही नाही तर घाबरतो कशाला," असं तुम्हाला कोणी ना कोणी म्हणेलच. तुमचे उपचार लपवण्यासारखे नाहीतच. ते तुमचे आणि वहिनींचे आहेत, एवढंच. कोणाला कधी सांगायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं होतं आणि ते तुमच्या हातातून काढून घेतलं गेलं.

ठिकाणावरून माणसाचं काय काय कळतं, याचा अंदाज आपल्याला उशिरा येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२२ मध्ये कोचावा नावाच्या कंपनीवर दावा लावला, त्यात हाच मुद्दा होता. कोट्यवधी फोनांची ठिकाणं विकली जात होती आणि त्यावरून कोण प्रजनन-आरोग्याच्या दवाखान्यात गेलं, कोण प्रार्थनास्थळी गेलं, कोण घरातल्या मारहाणीतून सुटून निवाऱ्यात राहिलंय, हे शोधता येत होतं. नाव काढून टाकलं तरी फार बिघडत नाही. २०१३ साली १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवर झालेल्या अभ्यासात दिसलं की माणूस कधी कुठे होता याचे जेमतेम चार ठिपके मिळाले, तरी ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येतात. तुमच्या बाबतीत तर तेवढीही मेहनत नाही. नाव, नंबर, एम्प्लॉयी कोड सगळं आधीच ठिपक्याला चिकटलेलं आहे.

तुमच्यासारखंच एक प्रकरण कॅलिफोर्नियात घडलं होतं. पैसे पाठवण्याच्या धंद्यातल्या एका कंपनीत विक्रीचं काम करणाऱ्या बाईंना फोनवर ॲप ठेवून चोवीस तास चालू ठेवायला सांगितलं. कामाच्या वेळेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. सुट्टीतही साहेब पाहतात, गाडी किती वेगाने चालवली तेही सांगतात, म्हणून त्यांनी ॲप काढून टाकलं. नोकरी गेली. २०१५ मध्ये त्या कोर्टात गेल्या आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. हे सांगते ते एवढ्यासाठी की रागाच्या भरात ॲप उडवून टाकलं, तर भांडण तुमच्या रविवारचं राहत नाही, 'आदेश मोडला' याचं होऊन बसतं. तुम्हाला तर नोकरी टिकवायचीय.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. त्या सोमवारी मीटिंगला कोण कोण होतं, साहेब नेमके काय बोलले, हे तारखेसह आजच लिहून ठेवा. मग येत्या रविवारी संध्याकाळी फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडा. अँड्रॉइड १२ पासून तो फोनमध्येच असतो. गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं, हे त्यात वेळेसकट दिसतं. कंपनीच्या ॲपची रविवारची नोंद दिसली की स्क्रीनशॉट काढा. "असं काही होतच नाही" हे उत्तर मग कोणाला देता येणार नाही.

आणि एचआरला मेल करा. त्यात दवाखाना, उपचार, बायको यातलं काही लिहू नका. नाहीतर तक्रारीमुळेच ती बातमी आणखी दहा जणांच्या इनबॉक्समध्ये जाईल. मी असं लिहिलं असतं:

"हजेरीचं ॲप कामाच्या दिवसांतही ड्यूटी संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशीही माझं लोकेशन घेत आहे. स्क्रीनशॉट जोडला आहे. अमुक तारखेच्या मीटिंगमध्ये माझ्या सुट्टीच्या दिवसाच्या खाजगी प्रवासाचा उल्लेख सर्वांसमोर करण्यात आला. कामाच्या वेळेतल्या नोंदीला माझी हरकत नाही. कामाच्या वेळेबाहेरची नोंद बंद करावी, आतापर्यंतची काढून टाकावी, आणि माझं लोकेशन कोणाकोणाला दिसतं व किती दिवस साठवलं जातं, हे लेखी कळवावं."

एवढंच. साहेबांचं नाव घेऊन शिव्या नकोत, व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे नकोत. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी त्याच मेलवर "वरील विषयी" म्हणून परत पाठवा. फोनवर बोलणं झालं, तर "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असं लिहून तेही मेलवर टाका. सोबतच्या चौघा-पाचांनी असाच मेल केला तर फारच छान. हरियाणातल्या आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या, सरकारी फोनमध्ये २०२१ मध्ये देखरेखीचं ॲप टाकायला लावलं, तेव्हा त्या एकेकट्या कुरकुरत बसल्या नाहीत, मिळून उभ्या राहिल्या. तुमची युनियन नसेल, पण चहाच्या टपरीवर जमणारी मंडळी आहेत ना?

आता तुमची कापलेली हजेरी. ही बाजू मला गंमतीचीही वाटते, कारण इथे यंत्रच तुमच्या बाजूने साक्ष देऊ शकतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर वरून फक्त सिग्नल सोडतात. तुम्ही कुठे आहात हे त्यांना माहीत नसतं. फोन किमान चार उपग्रह ऐकतो आणि हिशोब स्वतः करतो. उघड्या रानात हा हिशोब साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येतो. केळीच्या भर बागेत गोष्ट वेगळी. डोक्यावर पाण्याने भरलेली मोठमोठी पानं, त्यात पाऊस पडून गेलेला, आणि आधीच अशक्त असलेला सिग्नल तिथे आणखी विरतो. उपग्रह पुरेसे ऐकू आले नाहीत की फोन गप्प बसत नाही, तो जवळच्या वायफायवरून आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो. रानात वायफाय कुठलं? राहिला टॉवर. आणि चोरवडच्या हद्दीवर फोनला बुऱ्हाणपूरकडचा टॉवर जोरात मिळाला, तर तो बिनदिक्कत तुम्हाला मध्य प्रदेशात नेऊन ठेवतो.

कंपनीच्या पडद्यावर पाच मीटरचा ठिपका आणि दोन किलोमीटरचा अंदाज दोन्ही सारखेच लाल दिसतात, खरी गोम तिथे आहे. पण फोन प्रत्येक नोंदीबरोबर एक आकडा देतो: ठिपक्याभोवती किती मीटरचं वर्तुळ धरायचं. अँड्रॉइडच्या हिशोबात त्या वर्तुळाच्या आत तुम्ही असण्याची शक्यता ६८ टक्के असते, म्हणजे साधारण तिनात एकदा माणूस वर्तुळाच्याही बाहेर. तेव्हा हजेरी कापली की शांतपणे विचारा: "त्या वेळच्या नोंदीची अचूकता किती मीटर होती?" मॅनेजरला सांगता येणार नाही, ॲप बनवणाऱ्यांना येईल. वर्तुळ किलोमीटरांमध्ये निघालं तर अर्धा दिवस परत मागा.

तीन तास 'गायब' होण्याचं कारण बहुतेक आणखी साधं आहे. फोनचा बॅटरी सेव्हर मागे चालणारी ॲपं बंद पाडतो. त्यात आपल्याकडचा मे महिना. पंचेचाळीस अंशांत हँडलवर लावलेला फोन तापून स्वतःच मान टाकतो. ड्यूटीच्या वेळेत त्या एका ॲपला बॅटरीच्या सेटिंगमधून मोकळीक द्या आणि फोन खिशात ठेवा. दुकानदाराकडचं बिल, शेतकऱ्याच्या प्लॉटवरचा फोटो, करप्याची पानं दाखवणारा व्हिडिओ हे तुम्ही तसंही काढता. वेळेसकट जपून ठेवा. कामाच्या वेळेतला रूट कंपनीला हवाय हे मला अवाजवी वाटत नाही. पेट्रोलचे पैसे त्यावरच निघतात, आणि घरी बसून पालचा दौरा दाखवणारे महाभाग तुमच्याही ओळखीचे असतील.

त्या महाभागांचंच औषध म्हणजे फेक जीपीएस. अँड्रॉइडमध्ये खोटं लोकेशन पुरवणारं ॲप चालू असलं, तर आलेला ठिपका खोट्या स्रोताकडून आलाय अशी खूण त्यावर असते आणि हजेरीची ॲपं ती तपासू शकतात. ती खूण चुकवली, तरी सावद्याहून पालला दोन सेकंदांत पोहोचलेला माणूस नकाशावर लपत नाही. आज तुमची बाजू खरी आहे, साहेब अडचणीत आहेत. एकदा खोटं लोकेशन सापडलं की चर्चा तुमच्या खोटेपणाची होईल आणि रविवारचा विषय संपला. शिवाय ही फुकटातली ॲपं स्वतः काय घेतात ते कोण पाहतं? अमेरिकेत २०१३ मध्ये एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई झाली. कोट्यवधी लोकांनी अंधारात उजेडासाठी घेतलेलं ते ॲप त्यांचं ठिकाण जाहिरातवाल्यांना देत होतं. एका चोराला चुकवायला दुसऱ्याच्या हाती किल्ली देऊ नका.

प्रामाणिक उपाय वेगळा आहे. कंपनीकडे फोन मागा. पत्रात लिहा की माझा फोन घरच्यांचा, बँकेचा, दवाखान्याचा आहे, कामासाठी वेगळा द्यावा. देत नसतील, तर घरात कपाटात पडलेला जुना फोन असेलच. ॲप त्यात टाका, इंटरनेट तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून द्या. एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना कंपनी ओटीपी किंवा मंजुरी मागते, ती रीतसर घ्या. संध्याकाळी काम संपलं की तो बंद करून टेबलावर. तेही जमत नसेल, तर ड्यूटी संपल्याची नोंद झाल्यावर वरच्या पट्टीत ॲपची सूचना अजून दिसतेय का बघा. दिसत असेल तर ते चालूच आहे. 'वापरतानाच' अशी परवानगी ठेवली तरी ती सूचना असेपर्यंत फोन त्याला वापरच समजतो. मग ॲप सक्तीने बंद करा किंवा लोकेशनच बंद करा, सकाळी परत चालू. हे करताय ते मेलमध्ये आधी कळवा, चोरून करू नका. आपण कुठे कुठे गेलो याची नोंद ठेवणारी गुगलची टाइमलाइन बंद केली म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. तिचा आणि कंपनीच्या ॲपचा काही संबंध नाही.

कायद्याबद्दल गोड बोलून फसवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची वाट ठेवलेली आहे. तेव्हा "माझी संमती नाही" एवढ्यावर कामाच्या वेळेतलं ट्रॅकिंग थांबेल असं वाटत नाही. रविवारचा दवाखाना हे नोकरीचं कारण कसं होतं, हे मात्र कंपनीला कोणालाच पटवून देता येणार नाही. तुमच्या मेलचा जोर 'कामाच्या वेळेबाहेर' या शब्दांवर ठेवलाय तो त्यासाठीच.

बँडच्या बाबतीत तुमचा हात जास्त वर आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम ठिकाणाला संवेदनशील माहितीत धरत नाहीत, पण शारीरिक आणि मानसिक आरोग्याची माहिती त्यात स्पष्ट लिहिली आहे. ती घ्यायची तर लेखी संमती लागते, नाही म्हणायची मुभा द्यावी लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. म्हणून एचआरला सरळ लिहा: "बँड ऐच्छिक आहे का? नसेल तर कोणत्या अटीखाली सक्तीचा आहे, ते लेखी द्या. विमा कंपनीला यातलं काय जातं?" बहुतेक वेळा "ऐच्छिकच आहे" असंच उत्तर येतं. मग बँड डब्यात.

आणि खरं सांगू का, त्या बँडच्या आकड्यांवर मेडिक्लेम ठरवणाऱ्याचंच हसू येतं. पावलं मोजणारा सेन्सर म्हणजे हिसके मोजणारा सेन्सर. दिवसभर बाइकवर खड्ड्यांतून फिरणारा तुमच्यासारखा माणूस बसल्या जागी हजारो पावलं 'चालतो'. स्पर्धा ठेवली तर पहिलं बक्षीस तुमचंच. नाडी हिरव्या दिव्याच्या परावर्तनावरून काढलेला अंदाज असते, बँड सैल असला की तीही भरकटते. पण झोप किती वाजता लागली, रात्री किती वेळा उठलात, याचा माग त्यात राहतोच, आणि तुमच्या घरात सध्या जे चाललंय ते पाहता तो परक्याच्या कॉम्प्युटरवर जायला नको. हाच बँड स्वतःच्या तब्येतीसाठी वापरायचा असेल तर कंपनीच्या ॲपला न जोडता खुशाल वापरा. जोडताना फोन लोकेशनची परवानगी मागेल. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवरून उपकरण शोधायलाच ती लागायची. १२ पासून 'जवळपासची उपकरणं' ही वेगळी परवानगी आली. तुमचा फोन नवा असेल तर तेवढीच द्या, लोकेशन नाकारून बघा. बँड बहुधा तरीही चालेल.

राहिल्या वहिनी. त्यांना आजच सांगा. मीटिंगमध्ये आठ-दहा जणं होती, त्यातल्या कोणाची बायको फैजपूरच्या बाजारात वहिनींना भेटेल याचा नेम नाही. तिच्या तोंडून "ऐकलं ते खरं का?" असं कानावर पडणं आणि तुमच्या तोंडून ऐकणं यात फार फरक आहे. तुमची चूक म्हणून सांगू नका, कारण ती तुमची नाही. साहेब काय बोलले ते जसंच्या तसं सांगा, आणि मेल पाठवायच्या आधी त्यांना वाचायला द्या. त्यातला एखादा शब्द नको म्हणाल्या तर काढा. एचआर पुढे चौकशी करणार असेल, तर किती उघड करायचं हे दोघांनी मिळून ठरवा. त्या रागावतील, कदाचित तुमच्यावरही, थोडा वेळ जाऊ द्या. आईंनाही सांगून ठेवा, म्हणजे कोणी पाहुण्यांनी विषय काढलाच तर त्या गांगरणार नाहीत.

जळगावची पुढची तारीख एचआरचं उत्तर येण्याआधी असेल, तर हजेरीचा फोन रावेरलाच राहू द्या. एकच फोन असेल तर निघण्याआधी ॲप सक्तीने बंद करा, लोकेशन बंद करा आणि मगच गाडीला किक मारा. मेलला उत्तर काय आलं ते कळवा.

— तुमची ताई